तुलनेचा वाफा

शेजारणीच्या, शेवंतीच्या, वाफ्यातली लसूण शाळेच्या तराजूत चार ग्रॅम आणि दोन दशांश भरली. पितळी पारड्यात ती गोळी घरंगळू नये म्हणून जानकीने खाली टीपकागदाचा तुकडा ठेवला होता आणि त्या तुकड्याचं वजन वजा केलं होतं. मुळं कापलेली, पात अंगठ्याएवढी राखलेली. साल काढल्यावर आत पाकळ्या नव्हत्याच, सुपारीपेक्षा लहान अशी एकच गोळी. तिने अशा पंचवीस गोळ्या एकेक करून जोखल्या, आकडे वहीत उतरवले, सरासरी काढली आणि खाली रेघ मारली. मग दुसऱ्या पिशवीतले, स्वतःच्या वाफ्यातले गड्डे घेतले. त्यांची सरासरी एकतीस ग्रॅम आली. प्रत्येकात बारा ते पंधरा पाकळ्या.

एकाच आठवड्यात लावलेली, एकाच काठच्या मातीत वाढलेली, एकाच विहिरीच्या पाण्यावर पोसलेली लसूण. फरक इतका स्वच्छ आला होता की फळ्यावर काढून मुलांना दाखवावा. १९८७चा मार्च होता. प्रयोगशाळेबाहेर नववीचा वर्ग मोकळा सुटल्यासारखा ओरडत होता. जानकीने वही मिटली, आणि तिच्या ध्यानात आलं की मनासारखं उत्तर मिळूनही आपल्याला आनंद झालेला नाही.

जानकी म्हापशाच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा गोकुळदास पोस्टात होता. शापोरा नदीच्या काठी, चोपडे गावात, गोकुळदासच्या वाट्याला वडिलांकडून सहा माड, एक विहीर आणि पाच वाफ्यांचं वायंगण आलं होतं. भात कापून झाल्यावर हिवाळ्यात मिरची, कांदा, अळसांदे जिथे होतात ती जमीन म्हणजे वायंगण. पोट काही त्यावर नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की दोघं बसने शिवोलीला जायची, तिथून फेरीबोटीने पलीकडे चोपड्याला, आणि रविवारी संध्याकाळी परत. जानकी वाफ्यात वाकायची. गोकुळदास माडाखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याला शेतीवर देखरेख म्हणायचा.

चोपड्यात लसूण होत नाही, हे गावात कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पात येते, वीतभर वाढते, आणि फाल्गुनात उपटावी तर खाली एक गोळी. लोक ती पोटदुखीच्या औषधाला ठेवत आणि खायची लसूण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणत. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र जानकीच्या वाफ्यात खरी, भरलेली लसूण झाली होती, आणि ती झाली श्रावणामुळे. तिच्या घरी श्रावण लागला की चतुर्थी उलटेपर्यंत कांदा-लसूण बंद असे. त्या आषाढात स्वस्त मिळाली म्हणून तिने लसणीची मोठी जुडी घेतली होती. श्रावणात घरात वास नको म्हणून ती कागदात गुंडाळून फ्रिजच्या तळाला सारली आणि विसरून गेली. दसऱ्याला फ्रिज पुसताना जुडी सापडली तेव्हा प्रत्येक पाकळीतून हिरवं टोक डोकावत होतं. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून तिने ती चोपड्याला नेऊन लावली. मार्चमध्ये उपटली तेव्हा शेजारपाजार बघायला लोटला.

सगळ्यांच्या आधी आली होती ती शेजारच्या वायंगणाची शेवंती. तिचा नवरा बाबली फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करायचा. शेवंती चाळिशीतली, काटकुळी, चालता चालता बोलणारी बाई होती, आणि तिच्या हाताला गुण आहे असं गाव मानायचं. तुळशीचं लग्न झालं की वायंगणात कांद्याचं पहिलं रोप तिने खोचायचं, मग बाकीच्यांनी. चैत्रात तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात घालायच्या तर पहिली मूठ तिची. नव्या चुलीवर पहिलं आधण तिचं. त्याबद्दल तिला कोणी काही देत नसे. एखादा नारळ, एखादं पान, आणि "आधी शेवंतीक आपयात" हे बोलावणं. त्या बोलावण्यावर ती जगायची म्हटलं तरी चालेल. शेतातून हाक आली की हातातलं काम टाकून, पदराला हात पुशीत निघायची, आणि तिच्या चालण्यात तेवढ्यापुरती एक ऐट यायची.

जानकीचा गड्डा हातात घेऊन तिने तो हुंगला, कानाशी धरून हलवला, आणि म्हणाली, "बाई, पुढच्या वर्साक माका पण दिया. माज्या मेरेकडचो वाफो मोकळोच आसा."

जानकीने देईन म्हटलं. पण तोवर तिच्या मनात एक प्रश्न रुजला होता. लसूण झाली ती कशामुळे? त्या वाफ्यात नदीचा गाळ टाकला होता म्हणून, की दोन महिने थंडीत राहिली म्हणून? तिने पुस्तकं उलटली. काही कंदांना वाढीच्या आधी थंडी सोसावी लागते, असं त्यांत होतं. गोव्याच्या हवेत ती थंडी कुठून मिळणार? फ्रिजने दिली असावी. प्रश्नाचं उत्तर काढायची रीत तिला ठाऊक होती, दर वर्षी आठवीच्या मुलांना ती तीच शिकवायची. दोन वाफे घ्या, सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला.

पुढच्या चतुर्थीनंतर तिने बाजारातून एकाच पोत्यातली पाच किलो लसूण घेतली. अर्धी फ्रिजमध्ये ठेवली, अर्धी माळ्यावर टोपलीत. दीड महिना दुधाला लसणीचा वास येत राहिला. गोकुळदास एकदा पेला खाली ठेवून म्हणाला, "चहाला फोडणी आज जरा जास्त झाली." तुळशीच्या लग्नानंतर तिने फ्रिजमधली लसूण आपल्या वाफ्यांत लावली आणि माळ्यावरची कापडी पिशवीत घालून शेवंतीला दिली.

देताना ती खोटं बोलली नव्हती. "एकाच पोत्यातली आहे," म्हणाली होती, आणि ते खरं होतं. फ्रिजचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर शेवंती त्या वाफ्याकडे दुर्लक्ष करील, किंवा उलट जास्त राबेल, आणि तुलना बिघडेल, असं कारण तिने स्वतःला दिलं होतं. ते कारण शास्त्राला धरून होतं. दुसरं कारण तेवढं धरून नव्हतं. माळ्यावरच्या लसणीच्या दोन ओळी तिला स्वतःच्या वाफ्यातही लावता आल्या असत्या. पण पाचही वाफे भरगच्च हवे होते. यंदा लसूण शाळेत न्यायची होती, मुख्याध्यापकांना द्यायची होती. फसणाऱ्या ओळींना तिच्याकडे जागा नव्हती. शेवंतीकडे होती.

त्या डिसेंबरात राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाने रस्ते बंद पडले. कुठे झाडं आडवी घातलेली, बस नाही, फेरी नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत रोजची माणसं एकमेकांशी तोलून बोलू लागली. जानकीला ओळीने दोन आठवडे चोपड्याला जाता आलं नाही. ऐन वाढीची लसूण सुकून गेली असणार असं धरून ती तिसऱ्या शनिवारी गेली, तर वाफे ओले होते. शेवंतीने न सांगता दोन्ही आठवडे विहिरीतून कळशीने पाणी काढून आपल्या वाफ्याआधी जानकीच्या वाफ्यांना घातलं होतं. सरकार मराठी बोलो नाही तर कोंकणी, लसणीक तहान लागता, असं ती म्हणाली आणि दोघी हसल्या. त्या रात्री जानकीने वहीत लिहिलं: दोन्हीकडे एकाच व्यक्तीच्या हातचं पाणी. तुलनेस उपकारक.

आता त्या ओळीवर नजर पडली की तिला वही बंद करावीशी वाटायची.

लसूण जोखली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, काढणी झाली होती. शेवंतीने आपला वाफा एकटीने उपटला होता. जानकी मेरेवरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, तिकडे गेली तेव्हा ती खाली बसून गोळ्या एका सुपात गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. तिच्या सासूला जाऊन पौष महिन्यात वर्ष झालं होतं, त्या दिवसांत आपण शिवायला नको होतं तिथे शिवलो असू, असं काहीतरी ती पुटपुटत होती. मग उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बाई, तुमची लसूण माज्या हातान मेली. तुम्ही इतक्या भरवशान दिली. माका माफ करा."

जानकीने त्या वेळी बोलायला हवं होतं. वाक्य सोपं होतं. एवढंच म्हणायचं की तुझ्या लसणीत आणि माझ्या लसणीत फरक होता. पण मेरेवर आणखी तिघी-चौघी उभ्या होत्या, आणि त्यांच्या देखत शेवंती तिची माफी मागत होती. "असं काही नसतं गं," एवढंच जानकीच्या तोंडून आलं. शेवंतीने मान हलवली, घरात गेली आणि भरपाई म्हणून एक भोपळा आणि आपल्या राखणीतल्या कांद्याचं पुडीभर बी घेऊन आली. जानकीने ते घेतलं. नाही म्हटलं असतं तर शेवंतीला वाटलं असतं की बाई रागावल्या.

फेरीत बसल्यावर गोकुळदासने भोपळा मांडीवर घेतला आणि विचारलं की हा कशाबद्दल. जानकीने त्याला सगळं सांगितलं. फ्रिजचं त्याला माहीत होतंच, फक्त शेवंतीला माहीत नव्हतं हे माहीत नव्हतं. त्याने भोपळा खाली ठेवला. मग म्हणाला की पुढच्या शनिवारी सांगून टाक. जानकी हो म्हणाली.

पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचाही. गोष्ट आपोआप विसरली जाईल, एका वाफ्यातल्या लसणीने कोणाचं काय होतं, असा तिचा हिशेब होता. तो चुकला. त्याच हंगामात शेवंतीच्या मिरचीवर बोकड्या पडला आणि पानं आकसून गेली. बोकड्या फुलकिड्यांनी पडतो, तो पलीकडच्या तीन शेतांतही थोडाथोडा होता, पण लोकांनी बघितला तो शेवंतीचा. लसूण गेली, मिरची गेली. दोन ठिपके दिसले की माणूस मधे रेघ ओढतोच. जानकी मुलांना हे उदाहरणासह शिकवायची.

चैत्रात यशोदाकाकींकडे तोरं घालायची होती. यशोदाकाकी त्या काठावरच्या सगळ्यांत वयस्क बाई. काही ठरवायचं असलं की त्यांच्या अंगणात ठरायचं. दर वर्षी त्या शेवंतीला हाक मारत. त्या वर्षी त्यांनी नातीला जानकीकडे पाठवलं. जानकी गेली. बरणीपाशी मीठ काढून ठेवलेलं होतं. यशोदाकाकी म्हणाल्या, सूनबाय, तुज्या हाताक यश आसा, तू घाल. जानकीला आपण कशासाठी आलो ते तिथे पोचल्यावर कळलं, असं ती नंतर गोकुळदासला म्हणाली. ते पूर्ण खरं नव्हतं. नातीने निरोप सांगितला तेव्हाच तिला कळलं होतं. तिने मूठभर मीठ घेतलं आणि बरणीत टाकलं. परतताना शेवंतीच्या दारावरून जायचं होतं. शेवंती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने नेहमीसारखं "बाई, चललात?" असं विचारलं, आणि जानकीने मिठाचा हात पिशवीआड घेतला.

जूनमध्ये शेतीच्या एका मासिकात जानकीची टिपणी छापून आली. गोवा राज्य होऊन महिना झाला नव्हता, अंकाच्या पहिल्या पानावर त्याचाच मजकूर होता. तिची टिपणी आतल्या पानावर, दीड स्तंभ: किनारी हवेत लसूण, शीतगृहाविना. त्यात दोन्ही सरासऱ्या होत्या, आणि "शेजारील शेतात घेतलेला तुलनेचा वाफा" असे शब्द होते. गोकुळदासने ती टिपणी दोनदा वाचली.

"चांगली लिहिलीस," तो म्हणाला. "यात शेवंतीचं नाव कुठे आहे?"

"अशा टिपणीत नावं घालत नाहीत."

"वाफ्याचा उल्लेख आहे."

जानकी त्याच्यावर चिडली. तिने त्याला सांगितलं की मला ठाऊक नव्हतं, मला फक्त अंदाज होता. ठाऊक असतं तर प्रयोगच कशाला केला असता? शेवंतीची लसूण झालीही असती. मातीचा गुण असता तर झालीच असती. तिने हे अगदी नीट, क्रमाने मांडलं. गोकुळदासने मासिक मिटलं. तो नुसता म्हणाला, "मला कशाला पटवतेस? मी काही लसूण लावली नव्हती."

ती मग एका उपायाच्या मागे लागली. तोंडाने सांगण्यापेक्षा हातांनी दुरुस्त करावं. श्रावणात तिने मुद्दाम तीन किलो लसूण फ्रिजमध्ये ठेवली, खास शेवंतीसाठी. यंदा शेवंतीच्या वाफ्यात लसूण भरभरून होईल, गाव बघेल, हाताचा गुण हाताला परत मिळेल, आणि कोणाला काही बोलावं लागणार नाही. त्या दिवसांत तिला पहिल्यांदा बरी झोप लागली.

दिवाळी झाल्यावर ती लसूण घेऊन निघाली. फेरीत दोन माणसं तावातावाने वाद घालत होती की नव्या राज्यात मराठी शाळांचं काय होणार. एकाने जानकीला शिक्षिका म्हणून ओळखलं आणि तिला मधे ओढलं. दोर गुंडाळत उभा असलेला बाबली नेहमीच्या सवयीने म्हणाला, "बाईंक विचारू नकात. बाई लसणीची भाशा शिकयतत." लोक हसले. मग तो जानकीजवळ आला आणि आवाज उतरवून वेगळंच बोलला. शेवंतीने यंदा कांद्याचं रोपच टाकलं नव्हतं. वायंगण पडीक ठेवायचं म्हणत होती. राखणीतलं बी, जे तिच्या आईकडून आलं होतं, ते तिने वहिनीला देऊन टाकलं होतं. तुम्ही सांगून बघा, तो म्हणाला, तुमचं ती ऐकते.

शेवंती अंगणात होती. पावसाळा सरल्यावर पुन्हा उन्हात घातलेली सोलं, म्हणजे आमसुलं, गोळा करत होती. जानकीने पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली की यंदा ही लाव, नक्की होईल, माझी जबाबदारी. शेवंतीने पिशवीला हात लावला नाही.

"नको बाई. माज्या हातान नको."

मग गौरवीला लावू दे, जानकी म्हणाली. गौरवी शेवंतीची लेक, तेव्हा अकरावीत होती. शेवंतीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते जानकीने आधी पाहिलं नव्हतं. ती सरळ भ्यालेली होती. चेडवाला आपण वायंगणात पाऊल ठेवू देत नाही, ती म्हणाली. हात आईकडून येतो. आपला असा झाला, तिचा तरी उघडा पडू नये. तिला उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं आहे.

जानकी ओट्यावर बसली. तिने धीर केला आणि म्हणाली की शेवंती, तुझा दोष नव्हता, गेल्या वर्षी ती लसूणच तशी होती.

शेवंती हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण ते हसू तिला नीट जमलं नाही. "तुम्ही बरेपणान म्हणतात बाई. एकाच पोत्यातली, तुम्हीच सांगितलेला." आणि तिने जानकीला चहा करून दिला.

त्या संध्याकाळी जानकीने गोकुळदासला सांगितलं की अर्धं खरं बोलून बघितलं, ते दयेत जमा झालं. तो म्हणाला, मग पूर्ण बोल, तिच्या घरात, दोघी असताना. जानकी विचार करत राहिली. शेवंतीने तिच्यापुरतं मानलं, तरी काय? हातगुण शेवंतीच्या घरात गेला नव्हता, चार माणसांत गेला होता. तो चार माणसांतच परत द्यावा लागेल. आणि त्या चार माणसांत ती मास्तरीण होती, गोकुळदासची बायको होती, यशस्वी हाताची सूनबाय होती. लोक काय म्हणतील ते तिला शब्दाशब्दाने ऐकू येत होतं. आमच्या शेतात बाई उंदीर-बेडकांचे प्रयोग करते. ते चुकीचंही नसतं. तिने ठरवलं, आणि ठरवल्यावर पुन्हा आठ दिवस गेले.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी सकाळी यशोदाकाकींच्या वायंगणात बायका जमल्या. जमीन आदल्या दिवशी भिजवून ठेवलेली होती. रोपांच्या जुड्या केळीच्या पानात गुंडाळून मेरेच्या सावलीत मांडल्या होत्या. दर वर्षी पहिलं रोप यशोदाकाकींच्या वाफ्यात आणि मग वयाच्या उतरत्या क्रमाने एकेकीच्या, असा रिवाज होता. जानकीला निरोप होता की तिने यायलाच पाहिजे. गोकुळदासही आला आणि माडाखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसला.

शेवंतीही आली होती. न येणं म्हणजे चर्चेला विषय देणं. ती मेरेच्या टोकाला, वाफ्यापासून दहा-बारा पावलं दूर उभी होती. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते, सकाळी गारठा नव्हता तरी. तिच्या मागे गौरवी उभी होती, आणि तिचेही हात, आईसारखेच, ओढणीत होते.

जानकीला ते चार हात दिसले आणि तिची नजर तिथून हलेना.

यशोदाकाकींनी जुडी सोडली, त्यातलं एक रोप निवडलं, मुळाची माती बोटाने दाबली आणि ते जानकीपुढे धरलं. "घे सूनबाय. यंदा तुज्या हातान."

भाग्यलक्ष्मी नावाची एक थट्टेखोर सून म्हणाली, बाईंनी हात लावल्यावर कांदे नारळाएवढे होतील, उचलायला गाडी लागेल. बायका हसल्या. शेवंतीही इतरांबरोबर हसली, किंचित उशिरा.

जानकीने रोप हातात घेतलं. त्याचं वजन जाणवण्याइतकंही नव्हतं. आपण काय बोलणार ते तिने रात्री मनात जुळवून ठेवलं होतं, क्रमाने, कारणांसह, आणि त्यातलं पहिलं वाक्य आता सापडेना. शेवटी तिने रोप पुन्हा पानावर ठेवलं.

"काकी, हे रोप मी लावणार नाही," ती म्हणाली. "माझ्या हाताला काही गुण नाही. माझी लसूण झाली ती आधी दीड महिना फ्रिजमध्ये ठेवली होती म्हणून. तिला थंडी लागते. शेवंतीला मी दिली ती तशी ठेवलेली नव्हती. एकाच पोत्यातली, पण थंडी न दाखवलेली. दोन्हींत फरक किती पडतो ते मला बघायचं होतं, आणि ते बघायला मी तिचं शेत वापरलं. तिला न विचारता."

 मेरेवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माडाखाली वर्तमानपत्र खाली आलं. जानकीने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीचा चेहरा कोरा होता, ऐकलेलं अजून आत पोचायचं असावं तसा.

"आणि डिसेंबरात रस्ते बंद होते तेव्हा माझ्या वाफ्यांना पाणी शेवंतीने घातलं," जानकी म्हणाली. "माझी लसूण वाढली ती तिच्या हातच्या पाण्यावर."

यशोदाकाकी पुढे झाल्या. वयाने आणि मायेने त्यांनी जानकीच्या दंडावर हात ठेवला. सुनेची लाज राखायला जे म्हणावं तेच त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, हे असंच धरायचं, अशा नजरेने.

"तुका म्हायत नसतला गो बाय. चुकान जाला आसतला."

तिथे थांबता आलं असतं. अंदाज होता, ठाऊक नव्हतं, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, वर्षभर घासून गुळगुळीत झालेलं. जानकीने काकींचा हात हळूच दंडावरून काढला आणि मेरेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"चुकून नाही, काकी. तिची लसूण व्हायची नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून दिली."